मचाण का नाही? तुमच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. मे महिन्यात टर्की पक्ष्यासाठी आणि नोव्हेंबरात हरणासाठी असे दोनदा तुम्ही विस्कॉन्सिनमधल्या आमच्या व्हर्नन कौंटीच्या शेतावर आलात, दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी परतलात, दोन तारे दिलेत आणि अर्धे पैसे परत मागितलेत. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: पैसे वाचवायला झाडावर मचाण न देता जमिनीवर कापडी ब्लाइंडमध्ये (लपून बसायच्या छोट्या तंबूत) बसवलं, आत कोंदटलं तरी खिडक्या उघडू दिल्या नाहीत, हरणाला लांबून दिसेल असं भडक केशरी जाकीट घालायला लावलं, टर्की जवळ येऊन पळाली, आणि समोर उभ्या असलेल्या हरणाच्या नरावर गोळी झाडू दिली नाही. तुम्ही मराठीत लिहिलंत, तेव्हा उत्तरही मराठीतच देतो. शिकागो, मॅडिसनकडून आपली बरीच मंडळी आमच्याकडे चौकशी करतात, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

शेवटची तक्रार आधी घेतो, कारण बाकी सगळ्यांपेक्षा ती गंभीर आहे. तो नर टेकडीच्या धारेवर उभा होता आणि त्याच्या मागे फक्त आकाश होतं. तुम्ही खाली, ओढ्यालगत. तिथून वरच्या दिशेने झाडलेली थ्री-ओ-एट रायफलची गोळी हरणाला लागली तरी आरपार जाऊ शकते, आणि चुकली तर दोन मैलांच्याही पुढे जाऊ शकते. त्या धारेपलीकडे आमच्या आमिश (मोटारी न वापरणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) शेजाऱ्यांचा रस्ता आहे. बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि शनिवारी सकाळी त्या रस्त्यावरून मुलाबाळांना घेऊन घोडागाड्या जातात. आमच्या माणसाने तुम्हाला थांबवलं ते योग्यच केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर तो पुन्हा थांबवेल.

मचाणावरून झाडलेली गोळी बहुधा जमिनीत शिरते. हा मचाणाचा खरा फायदा आहे आणि तो मला मान्य आहे. जमिनीवर बसणाऱ्याला तो मिळत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक ब्लाइंडसमोर दोन खुंट ठोकून ठेवलेत. त्या दोन खुंटांमधल्या पट्ट्यात सावजाच्या मागे मातीचा उतार येतो. त्या पट्ट्याबाहेर कितीही मोठ्या शिंगांचा नर आला तरी बंदूक उचलायची नाही. हे खुंट पहिल्या दिवशी, उजेडात, तुम्हाला दाखवले होते.

आता मचाण. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्या पिढीच्या डोक्यात शिकारीचं चित्र आहे ते जुन्या गोष्टींमधलं: झाडावर मचाण, खाली बांधलेलं बोकड, वर दबा धरून बसलेला साहेब. अमेरिकेतही झाडावर बसणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले कित्येक उत्तम शिकारी आहेत. पण इथे झाडावरून पडून होणाऱ्या दुखापती हे शिकाऱ्यांच्या अपघातांचं फार मोठं कारण आहे. माणूस बरेचदा बसलेला असताना नाही, तर चढता-उतरताना पडतो. अंधारात, गारठलेल्या बोटांनी, जाड बूट घालून शिडीवरून मचाणावर पाय टाकायचा तो क्षण. अंगभर सुरक्षा-पट्टा हवाच, पण पट्ट्यात लोंबकळत राहणंही धोक्याचं असतं, आणि आमच्या खोऱ्यांमध्ये फोनला रेंज नाही.

शिवाय तुम्ही मेंटॉर्ड, म्हणजे जाणत्या माणसाच्या सोबतीने शिकार करायच्या, परवान्यावर आला होतात. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाने हंटर एज्युकेशनचा कोर्स केलेला नसेल, तर जाणत्या माणसाने त्याच्या हाताच्या अंतरावर राहावं लागतं. दोघांची मचाणं मिळतात हे मला माहीत आहे. पण पहिल्यांदाच रायफल हातात घेतलेल्या माणसाला पंधरा फुटांवर, अरुंद फळीवर बसवून शिकवायची माझी तयारी नाही. ब्लाइंडमध्ये दोन खुर्च्या शेजारी-शेजारी लागतात आणि कानात कुजबुजून सांगता येतं.

आमची जमीनही बघा. इथे हिमनद्या पोचल्याच नाहीत, त्यामुळे सपाटी कमी आणि उभे उतार जास्त. अशा उतारावर झाडावर पंधरा फूट चढलात, तर वरच्या अंगाने येणारं हरीण तुमच्या डोळ्यांसमोरच येतं, आणि नोव्हेंबरातल्या निष्पर्ण झाडावर तुम्ही आकाशासमोर उघडे पडता. ॲशची झाडं तर आता भरवशाची राहिलीच नाहीत. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा भुंगेरा 2009 मध्ये आमच्या कौंटीत सापडला, आणि तेव्हापासून उभी वाळलेली ॲश वाऱ्याने मोडून पडताना आम्ही दर हिवाळ्यात बघतो.

खिडक्यांचं सांगतो. ब्लाइंड आतून काळा असतो तो उगाच नाही. पुढची खिडकी उघडी आणि मागची बंद असेल तर बाहेरून आत फक्त अंधार दिसतो. मागची उघडलीत की मागून उजेड येतो, तुमची आकृती स्पष्ट दिसते, आणि वारा आरपार वाहून तुमचा वास पुढे नेतो. हरणाच्या नाकाला फसवता येत नाही, त्याच्या बाजूने वारा जाऊ द्यायचा नाही एवढंच आपल्या हातात असतं. सूर्य धारेआड गेला की थंड हवा उतारावरून खाली सरकते, म्हणून संध्याकाळी आम्ही तुम्हाला खाली ओढ्याकाठी बसवलं आणि हरणं वरून येतात. सकाळी ऊन चढल्यावर हवा उलट वर जाते, तेव्हा जागाही वरची. त्या संध्याकाळी मागच्या खिडकीची चेन खाली ओढल्यावर काही क्षणांतच वरच्या झुडपातून पाय आपटल्याचा आवाज आला, मग फुसकारा, मग पांढरी शेपूट. ती मादी होती आणि तिच्यामागे नर असण्याचे ते दिवस होते.

केशरी जाकीट कायद्याने लागतं. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक केशरी किंवा भडक गुलाबी हवेत. हरणाला लाल-केशरी रंग मळकट दिसतात, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून जाकीट घाला म्हटलं आणि निळी जीन्स बदला म्हटलं. ब्लाइंडच्या चारी बाजूंना केशरी कापड लावलेलं असतं ते हरणासाठी नाही, दुसऱ्या शिकाऱ्यासाठी.

टर्कीबद्दल तुम्ही लिहिलंत, 'कोंबडीच ती, तिच्यासाठी एवढं लपायचं काय!' हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. विस्कॉन्सिनमधून हा पक्षी 1881 पर्यंत नाहीसा झाला होता. 1976 मध्ये मिसुरीहून जंगली टर्की आणून सोडल्या त्या आमच्याच कौंटीत, आणि वसंतातली पहिली शिकार 1983 मध्ये उघडली. टर्कीची नजर आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, रंग ओळखणारी आणि जवळजवळ चहूकडे फिरणारी असते. वास मात्र तिला फारसा येत नाही. म्हणजे उंचावर बसून वास लपवायचा जो फायदा, तो इथे बिनकामाचा, आणि उंचावरची हालचाल उलट महागात पडते. त्यात पहाटे टर्कीच झाडावर असते. रात्री ती उंच ओकवर झोपते आणि उजाडल्यावर खाली उतरते. तिच्या शेजारच्या झाडावर तुम्ही अंधारात चढणार कसे?

तो टर्कीचा नर आला तेव्हा मी तुमच्या शेजारी होतो. शेपटीचा पंखा पसरलेला, डोकं लाल, निळं, पांढरं, आणि तो घुमारा, जो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. झाडावरून तो घुमारा इतका जवळून मिळत नाही. तो चाळीस यार्डांवर होता, आम्ही पंचवीसची वाट बघत होतो, तेवढ्यात चेहऱ्यावरची जाळी वर करायला तुमचा हात उठला. नवख्या माणसाचं असं होतंच, त्यात तुमचा दोष मी काढत नाही. पण त्याचं खापर जमिनीवर बसण्यावर फोडू नका.

पैशांचं म्हणाल, तर ब्लाइंड स्वस्त पडतो हे खरं, पण तो निम्मं कामही नाही. हरीण नव्या वस्तूला बिचकतं, म्हणून ते तंबू हंगामाच्या बऱ्याच आधी लावून सीडरच्या सदाहरित फांद्या आणि मक्याची ताटं खोचून ठेवावी लागतात, वाऱ्यापावसात पुन्हा पुन्हा बघावी लागतात. फी जागेची आणि शिकवण्याची आहे, सावजाची नाही. हे बुकिंगच्या वेळी लेखी दिलं होतं, त्यामुळे अर्धे पैसे परत करणार नाही.

वसंतातल्या टर्कीच्या परमिटसाठी अर्ज 10 डिसेंबरपर्यंत भरावा लागतो. तुम्हाला यायचं असेल तर अर्ज भरा आणि आदल्या दिवशी दुपारीच या. जाळी लावून, गुडघ्यावर बंदूक ठेवून न हलता बसायचा सराव आपण ओढ्याकाठी करू, त्याचे वेगळे पैसे नाहीत. झाडावरच बसायचं असेल, तर या भागात ती सोय देणारे दुसरे लोक आहेत, त्यांच्याकडे जा. पण पट्टा बांधल्याशिवाय शिडीवर पाय ठेवू नका.