रद्द न होणाऱ्या परवान्याविषयी: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वरच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी रात्री अकरा वाजता माझ्या भाचीने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले, ‘मामा, मी लिहिणं थांबवू का?’ ती आणि तिचे मित्र दर शनिवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत आणि फासे टाकत खेळायचा साहसकथेचा खेळ खेळतात. या खेळाचे नियम मराठीत आणून, त्यांच्या आधारे सह्याद्रीतल्या एका घाटवाटेवर घडणारे साहस ती आठ महिन्यांपासून लिहीत आहे आणि आतापर्यंत तिची ऐंशी पाने झाली आहेत. फॉरवर्डमध्ये पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत: हॅस्ब्रो कंपनीने हा खेळ चीनमधल्या टेन्सेंट या कंपनीला विकला, नवा मालक येताच नियमांचा खुला परवाना रद्द होईल आणि त्यांवर इतरांनी लिहिलेले सारे कंपनीच्या मालकीचे होईल, खेळायला दरमहा तीस डॉलर मोजावे लागतील, २०१४ची, म्हणजे पाचव्या आवृत्तीची, नियमपुस्तके निरुपयोगी झाली, आणि दोन वर्षांत खेळ बंद पडेल. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही मूळ परवाना उघडून पाहिलेला दिसत नाही, आणि त्यापायी एका मुलीची आठ महिन्यांची मेहनत थांबायची वेळ आली, याचा मला संताप आहे.

सर्वांत घातक विधान परवान्याविषयीचे आहे, म्हणून तेच आधी घेतो. त्यामागे एक खरी घटना आहे, हे मान्य करावे लागते. २००० साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने, म्हणजे हा खेळ प्रकाशित करणाऱ्या, आज हॅस्ब्रोच्या मालकीच्या कंपनीने, इतरांना खेळाचे नियम वापरून लिहू देणारे ‘ओपन गेम लायसन्स’ आणले आणि त्यावर शेकडो लहान प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीचा मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरांच्या वर उत्पन्न असणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्क घेण्याची आणि इतरांचे साहित्य कंपनीला कायमचे, विनामूल्य वापरता यावे अशी कलमे त्यात होती. (वापराचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा फरकही पाळलेला नाही.) जुन्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द होता, पण ‘रद्द न करता येणारा’ हा नव्हता, आणि नेमक्या याच फटीतून तो परवाना मागे घेता येईल, असा कंपनीचा होरा होता. खेळणाऱ्यांनी आणि प्रकाशकांनी इतका तीव्र विरोध केला की २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने जुन्या परवान्याला हात न लावण्याचे जाहीर केले, आणि शिवाय पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा सुमारे चारशे पानांचा दस्तऐवज, म्हणजे एसआरडी ५.१, ‘क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.०’ या परवान्याखाली खुला केला.

फॉरवर्ड २०२३च्या पहिल्या तीन आठवड्यांवरच थांबतो आणि ही २७ तारीख गाळतो. या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा मजकूर कोणालाही वाचता येतो. त्याच्या दुसऱ्या कलमात हा हक्क जगभरासाठी, विनामूल्य आणि रद्द न करता येणारा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याच हक्कात रूपांतर, म्हणजे अर्थातच भाषांतरही, येते. सहाव्या कलमात तर असेही म्हटले आहे की हक्कधारकाने उद्या ते साहित्य वितरित करणे थांबवले किंवा वेगळ्या अटींवर देऊ केले, तरी या परवान्याचा अंत होत नाही. घेणाऱ्याने अट मोडली तर त्याच्यापुरता परवाना संपतो; पण चूक लक्षात आल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केली, तर तो आपोआप पूर्ववत होतो. मालक बदलला तरी यातले काही बदलत नाही, कारण खरेदीदाराला विक्रेत्याकडे उरलेले हक्कच मिळतात, आणि जे साऱ्या जगाला कायमचे दिले ते परत घेण्याचा हक्क विक्रेत्याकडेच उरलेला नाही. माझ्या भाचीने वापरलेले नियम याच दस्तऐवजातले आहेत.

विक्रीची बातमी जानेवारी २०२४मध्ये एका चिनी वृत्तस्थळावरून निघाली. आपण या खेळाचे हक्क विकण्याच्या विचारात नाही, असे विझार्ड्सने तेव्हाच स्पष्ट केले होते. ‘बाल्डर्स गेट ३’ हा गाजलेला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या लॅरियनमध्ये टेन्सेंटची काही भागीदारी आहे, त्यामुळे अफवेला आधार असल्याचे भासले असावे. हॅस्ब्रोचा हिशोबही पाहावा: २०२३ साली संपूर्ण कंपनी मोठ्या तोट्यात असताना विझार्ड्सच्या विभागाने १४६ कोटी डॉलरची विक्री आणि ५२ कोटींहून अधिक नफा दाखवला. यात मोठा वाटा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा आहे, हे खरे, तरी कंपनीच्या ज्या भागात पैसा येतो तोच घाईने विकून टाकला जाईल, असे मानायला मला कारण दिसत नाही.

तीस डॉलरांची अफवाही जानेवारी २०२३चीच आहे, आणि कंपनीने ती तेव्हाच नाकारली होती. कागद, पेन्सिल, फासे आणि विनामूल्य मिळणारे मूळ नियम एवढ्यावर हा खेळ आजही चालतो.

जुन्या पुस्तकांबाबत अर्धे सत्य आहे. २०२४मध्ये नवी नियमपुस्तके येण्याच्या सुमारास, डी अँड डी बियाँड या डिजिटल सेवेत लोकांनी विकत घेतलेले जुने मंत्र आणि जादुई वस्तू काढून तिथे नवे आणण्याचे कंपनीने ठरवले होते, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच तो निर्णय फिरवला. चौथ्या आवृत्तीची ऑनलाइन साधने २०२०च्या सुरुवातीला खरोखरच बंद झाली. तेव्हा सर्व्हरवरच्या साहित्यावर फार विसंबू नये, एवढा इशारा मी स्वीकारतो. छापील पुस्तक मात्र कपाटातून कोणी काढून नेत नाही.

राहिला खेळ बंद पडण्याचा प्रश्न. डिसेंबर २०२३मध्ये हॅस्ब्रोने ११०० जणांची कपात जाहीर केली, मार्च २०२५मध्ये ‘सिजिल’ या खेळासाठीच्या संगणकीय त्रिमितीय टेबलावर काम करणारी बहुतेक माणसे काढली, आणि त्याच वर्षी जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स हे दोन प्रमुख रचनाकार कंपनीतून बाहेर पडले. या गोष्टी चिंतेच्या आहेत आणि त्या मी लपवणार नाही. पण १९९७मध्ये मूळ प्रकाशक टीएसआर दिवाळखोरीच्या तोंडाशी आला, तेव्हाही खेळ चालूच राहिला. २००८च्या चौथ्या आवृत्तीवर खेळाडू नाराज झाले तेव्हा पैझो कंपनीने खुल्या परवान्याच्याच बळावर २००९मध्ये ‘पाथफाइंडर’ उभा केला. व्यवसाय डबघाईला आला तरी हे नियम लोकांच्या हातून जाणार नाहीत, हे २०२३नंतर आणखी पक्के झाले आहे.

भाचीला मी त्याच रात्री उत्तर पाठवले. दस्तऐवजात दिलेली श्रेयाची ओळ जशीच्या तशी छापायची, मुखपृष्ठावर खेळाचे नाव आणि बोधचिन्ह वापरायचे नाही, कारण व्यापारचिन्हाचा हक्क या परवान्यात येत नाही, आणि ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढेच लिहायचे. तिच्या सातव्या प्रकरणात ‘बिहोल्डर’ हा अनेक डोळ्यांचा राक्षस होता. त्याचे वर्णन आणि आकडे खुल्या दस्तऐवजात नाहीत, म्हणून तेवढा काढायला सांगितला. त्या जागी ती आता घाटातल्या बारवेत राहणारा स्वतःच्या कल्पनेतला वेताळ लिहिते आहे.