वह्या पुष्कळ झाल्या, आता खोडरबर द्या

जून उजाडला की शाळेत वह्या वाटायला माणसांची रीघ लागते. मंडळ, पतसंस्था, कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी. देणाऱ्याचं मन मोठंच असतं. पण पाटण तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी माझ्याकडं आहे आणि वह्या येतात दोनशे पानी, एकरेघी, कव्हरवर साहेबांचा हसरा फोटो. पहिलीच्या पोराला लागते दुरेघी, गणिताला चौकटीची. एकरेघीत त्याचा 'क' खालच्या ओळीत पाय सोडून बसतो.

मी मूळची माणची. वडील वाशी मार्केटात माथाडी, आई गावाकडं रोजगाराला. डीएड झालं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, भरतीची वाट बघण्यात उमेदीची वर्षं गेली. शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा मानधन महिना ६,००० रुपये. (२०२३ पासून ते १६,००० झालं, आमची बॅच तोवर कायम झालेली. नशीब!) त्या सहा हजारांतूनही कार्डशीट आणि स्केचपेन मीच आणायची. आजही आणते. पगाराची रड नाही माझी.

रड आहे ती हिशोबाची. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं अनुदान १०,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. मग वीजबिल, हजेरीपत्रकं, फुटलेली कौलं, नळाची तोटी. खडूपर्यंत येईस्तोवर हात रिकामा. त्याआधीच्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे, असं जुने गुरुजी सांगतात. रक्कम किरकोळच, पण ती वर्गाची होती, तोटीवर जात नव्हती.

त्यात आमच्याकडचा पाऊस. जुलैत खडू दमट होतो, फळ्यावर नुसता घसरतो. खडूचं खोकं आम्ही पोषण आहाराच्या चुलीजवळ ठेवतो. भिंतीवरचे तक्ते ओल धरून खाली येतात. साध्या कार्डशीटवर केलेली अक्षरकार्डं गोकुळाष्टमीपर्यंत वाकडी होतात, लॅमिनेशन केलेली पुढच्या वर्गालाही पुरतात. आता लॅमिनेशनचं बिल खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली टाकायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हे बोललं की कुणीतरी कर्मवीर अण्णांचा, म्हणजे भाऊराव पाटलांचा दाखला देतंच. वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. साताऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि मीही त्या नावापुढं हात जोडते. पण १९१९ साली कराडजवळच्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था उभी राहिली तेव्हा राज्य इंग्रजाचं होतं. आज २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्ययन-अध्यापन साहित्य पुरवावं, असं त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय. कायद्यानं जे यायचं ते बाईंच्या पर्समधून यावं आणि वर त्याला त्याग म्हणायचं, हे मला पटत नाही. अण्णांचं नाव घ्यायचं तर सरकारकडं मागताना घ्या की.

तोवर कुणाला द्यायचंच असेल तर जूनमध्ये नको, दिवाळीनंतर या. तेव्हा पेन्सिली बोटाच्या पेराएवढ्या राहिलेल्या असतात, खोडरबर तर पोरं खातात की काय देव जाणे. येण्याआधी शाळेत फोन करून काय संपलंय ते विचारा. आणि सत्काराला शाल-श्रीफळ आणू नका, तेवढ्या पैशांत वर्षभराचा डिंक येतो.