रात्रीत क्लोरीन जातं कुठे?

काल रात्री नऊला पूलमधलं क्लोरीन मोजलं, 4 पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात चार भाग. पहाटे सूर्य उगवायच्या आधी पुन्हा मोजलं, दीड! ऊन नाही, कोणी पोहलेलं नाही. शेवाळानेच खाल्लं, दुसरं काय! शिडीमागच्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर बुळबुळीत हिरवा थर थेट नखात आला.

आणि पूलवाला दर वेळी तेच, "साहेब, अजून दोन टॅब्लेट टाका." अरे, दोन वर्षं टाकतोय! त्या ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरीन सोडणाऱ्या, गोळ्यांतून सायन्युरिक ॲसिडही उतरतं, क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन. क्लोरीन संपतं, ते मात्र साचत राहतं. थोडं हवंच, नाहीतर गोव्याच्या उन्हात दुपारपर्यंतही क्लोरीन टिकायचं नाही. पण माझ्या साळगावच्या पूलमध्ये ते 100 पीपीएमच्या वर गेलंय. मग चाचणीत क्लोरीन दिसतं, शेवाळ मारायची ताकद मात्र उरत नाही. महिन्याचे पैसे घेणाऱ्याने हे सांगायला नको? मला स्वतः खणून काढावं लागलं, याचाच संताप येतो.

आता अर्धं पाणी उपसून नवं भरायचं, गोळ्या बंद, रोज संध्याकाळी लिक्विड क्लोरीन, भिंती ब्रशने घासायच्या. रात्रीची घट 1 पीपीएमच्या आत येईपर्यंत सुटका नाही. तेही ऐन मे महिन्यात, विहिरीचा तळ दिसत असताना! शेजारी म्हणतात, पावसापर्यंत थांब, पाणी आपोआप बदलेल. आणि तोवर सुट्टीवर आलेल्या पोरांनी काय शेवाळात डुंबायचं?