आधी तो बार दाबायचं थांबव, मामा

मामाच्या मनगटाला क्रेप बँडेज दिसलं म्हणून विचारलं, कुठे पडलास? "नाही रे, रियाझ," म्हणाला. वर अभिमानाने.

मामा प्रेसमधून रिटायर झालाय, जेल रोडला राहतो. तरुणपणची राहून गेलेली हौस म्हणून अमेरिकेतल्या मुलाने त्याला जुनी पेडल स्टील गिटार आणून दिली, म्हणजे आडवी ठेवून, तारांवरून पोलादी बार फिरवून वाजवायची गिटार. 10 तारा, 3 पेडल, गुडघ्याने ढकलायचे 4 लिव्हर. चार महिने मजेत चाललं होतं. मग ग्रुपवर 'स्टील गिटार: पाच गुरुमंत्र' आले. मलाही तीन ठिकाणांहून आलेत, म्हणून एकदाच लिहितो.

सगळ्यात भयंकर मंत्र दुसरा: "तार जितकी जोरात दाबाल तितका सूर खणखणीत. हात दुखला म्हणजे रियाझ लागू पडतोय." हे लिहिणाऱ्याने स्टील गिटार बघितली तरी आहे का? साध्या गिटारीवर तार पट्टीवर टेकवावी लागते, बोटांना घट्टे पडतात, ते खरं. इथे तारा इतक्या उंच असतात की पट्टीला टेकतच नाहीत. खालच्या रेघा नुसत्या बघण्यापुरत्या. बार म्हणजे पोलादाचा गुळगुळीत दांडू, 200 ग्रॅमच्या आसपास. त्याचं वजनच पुरेसं. वर जोर दिला की तार ताणली जाते आणि सूर चढतो. मामाला ट्यूनर, म्हणजे सूर चढा की उतरता ते काट्याने दाखवणारं यंत्र, लावून दाखवलं. बाराव्या रेघेवर त्याने नेहमीसारखा दाबला, काटा उजवीकडे. "आता नुसता ठेव." काटा मधे. तीनदा करून बघितलं त्याने. मग मामीकडे बघून म्हणाला, "म्हणजे महिनाभर बेसूर होतो होय?" मामी काही बोलली नाही. ती शेजारच्याच खोलीत असते.

पहिला मंत्र 10,000 तास वाजवलं की उस्ताद होतो असा, "म्हणून रोज सात तास बसा". याचं मूळ 1993 चा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवाल्यांवरचा. विशीपर्यंत सर्वोत्तम गटाचे तास सरासरी 10,000 च्या घरात भरले. सरासरी! त्याचा 'नियम' केला लेखक माल्कम ग्लॅडवेलने, 2008 मध्ये, आणि एरिक्सनने पुढे स्वतःच सांगितलं की हा उंबरठा वगैरे नाही. तास किती यापेक्षा नेमकी कुठली चूक धरून बसलात ते महत्त्वाचं. आणखी गंमत म्हणजे त्याच अभ्यासातले चांगले वादक दिवसाला साडेतीन तासांच्या आसपास वाजवत, तेही मधे विश्रांती घेऊन, आणि दुपारी झोपतही. वामकुक्षीचा मंत्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

तिसरा मंत्र, "रेघेवर बार ठेवला की सूर बरोबर." अर्धवट. खुर्चीत जरा सरकलात तरी रेघ वेगळी दिसते. शिवाय ई ला सा धरलं तर जी शार्प हा गंधार, आणि तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार ट्यूनरच्या हिरव्या दिव्यापेक्षा 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो. पेडल स्टीलवाले ही जी शार्पची तार मुद्दाम उतरवून लावतात. आपल्या कानाला हे शिकवावं लागू नये.

उरलेले दोन मंत्र, "चाळिशीनंतर नाद सोडा" आणि "हे वाद्य भारतीय हाताचं नाही" यांना उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. आडव्या गिटारीवर राग वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा, सिनेमाच्या गाण्यांच्या धून वाजवणारे व्हॅन शिप्ली, हे कोण होते मग?

त्याच मेसेजच्या शेपटीला एक बरी गोष्ट आहे, नाइलाजाने मान्य: सुरुवातीला आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलला पाय लावू नका. नखीचा ओबडधोबड आघात झाकायला नवखा माणूस तो सारखा पंप करतो, मामाही करायचा. पण कायमचं नाही. विरत जाणारा सूर धरून ठेवायला तोच पेडल हळूहळू खाली न्यावा लागतो.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. उत्तरादाखल जोडलेले हात आले. मामा आता 20 मिनिटं वाजवतो, चहा घेतो, परत 20 मिनिटं. बँडेज अजून आहे, मामी सोडू देत नाही.