भारतातला पहिला रेसिंग ट्रॅक : माझ्या पोस्टची दुरुस्ती

‘ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट हा भारतातला पहिला रेसिंग ट्रॅक’ असं मी परवा लिहिलं. ते चुकीचं आहे, माफ करा. मामांनी लगेच जुना फोटो पाठवला. मागे शाईत ‘शोलावरम, १९७८’. मद्रासजवळच्या त्या युद्धकालीन धावपट्टीवर कितीतरी वर्षं शर्यती व्हायच्या. मग १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ खास शर्यतींसाठी ट्रॅक बांधला गेला, २००३ मध्ये कोइमतूरला कारी स्पीडवे. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा बुद्ध सर्किट नव्हतंच! ते २०११ चं. भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत मात्र तिथलीच, ३० ऑक्टोबरची. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासाही तिथे टाका.