अहिल्या म्हणजे शिळा नव्हे

येत्या रविवारी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी भाचीचं बारसं आहे. नाव अहिल्या ठरलंय हे कळल्यापासून एक फिरता मेसेज मला चौघींनी पाठवला. त्यात म्हटलंय की 'अहि' म्हणजे साप, त्यावरून हे नाव आलं; अहिल्या म्हणजे शिळा; दुसरा अर्थ नापीक जमीन; आणि हे नाव दुःखच घेऊन येतं. कानात नाव सांगणारी आत्या मीच, तेव्हा उत्तरही मीच देते.

साप आधी काढून टाकू. मूळ संस्कृत नाव अहल्या. त्यात 'ह'ला वेलांटी नाहीच, ती पुढे बोलण्यातून आली. शिवाय 'अहि' वेगळा काढला तर उरलेल्या 'ल्या'चा अर्थ काय?

शिळेचं मात्र नीट सांगायला हवं, कारण ते आपल्याकडे सगळ्यांनाच खरं वाटतं. शिळा हा कथेतला प्रसंग आहे, शब्दाचा अर्थ नाही. आणि वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात तर अहल्या शिळा होतच नाही. वारा भक्षण करून, राखेत पडून, कुणाच्याही दृष्टीस न पडता तू या आश्रमात राहशील, असा गौतमांचा शाप आहे. राम येतो, शाप सरतो, आणि राम-लक्ष्मण दोघेही तिच्या पाया पडतात! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं होतं. नावाचा अर्थ उत्तरकांडात खुद्द ब्रह्मदेव सांगतो: 'हल' म्हणजे कुरूपता, ती जिच्या ठायी नाही ती अहल्या. प्राचीन तत्त्वज्ञ कुमारिल भट्टांनी तर अहल्या म्हणजे रात्र, दिवस उगवताच लोपणारी, असा अर्थ लावला.

'हल' म्हणजे नांगरही. त्यावरून 'न नांगरलेली' हा अर्थ निघतो, तो मला मान्य आहे. पण नांगर न लागलेली जमीन नापीक असते, असं कुठला शेतकरी म्हणेल?

दुःखाचा मुद्दा इंदूरच्याच माणसांनी पुढे पाठवावा, याचं मला फार वाईट वाटलं. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेले, मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला. यात नावाचा काय दोष? त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वराहून राज्य चालवलं, काशीविश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, महेश्वरात विणकर वसवले. आमच्या विद्यापीठाला आणि विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

आई रोज सकाळी 'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा' म्हणते. त्यात पहिलं नाव हेच. वहिनीला मात्र वेलांटी हवी आहे, इंदुरात सगळे तसंच म्हणतात म्हणून. रविवारी मी वेलांटीसकटच सांगणार आहे.