फोल्डर पुसला म्हणजे सॉफ्टवेअर निघाले, असे नाही

आयटी विभागांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक सल्ला फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: सर्व्हर असो वा डेस्कटॉप, अनइन्स्टॉलरच्या भानगडीत पडू नका, सर्व्हिस थांबवा, फोल्डर डिलीट करा, रेजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रामांच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणारा क्लीनर फिरवा, जागा हवी असेल तर विंडोजमधील इन्स्टॉलर फोल्डरही रिकामा करा, यंत्रे जास्त असतील तर डब्ल्यूएमआयसी या विंडोजच्या कमांड-साधनाची एक ओळ पुरते, डेटाला धक्का लागत नाही.

फोल्डरचा उपाय एखाद्या साध्या एडिटरपुरता खपून जाईल. परंतु अँटिव्हायरस, बॅकअप एजंट किंवा एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर अनेकदा कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, फिल्टर ड्रायव्हर (उपकरणाच्या ड्रायव्हरला जोडून चालणारा मधला ड्रायव्हर) बसवते आणि त्याचे नाव रेजिस्ट्रीतील अप्परफिल्टर्स या नोंदीत लिहून ठेवते. फाइल गेली आणि नोंद राहिली, की ते उपकरण सुरूच होत नाही. डिस्कच्या बाबतीत असे झाले तर विंडोज बूट होण्याआधीच निळा पडदा येतो. मी स्वतः एका कार्यालयात कीबोर्डचे असे प्रकरण निस्तरले आहे: लॉगिनच्या पडद्यावर एकही अक्षर उमटेना, म्हणून कीबोर्ड बदलले, पोर्ट बदलले, आणि अखेर शेजारच्या यंत्रावरून रिमोट रेजिस्ट्री उघडून ती अनाथ ओळ काढली तेव्हा पासवर्ड टाइप झाला. (त्याच नोंदीतील केबीडीक्लास हा विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र राहू द्यायचा असतो, तोही पुसला तर कीबोर्ड पुन्हा बंद.)

रेजिस्ट्री क्लीनरबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. अशी साधने वापरण्यास मायक्रोसॉफ्टचे समर्थन नाही, आणि कोणती नोंद निरुपयोगी आहे हे ती केवळ अंदाजाने ठरवतात.

इन्स्टॉलर फोल्डर रिकामा करण्याचा सल्ला त्याहून घातक आहे. त्यात एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरच्या) पॅकेजांच्या आणि पॅचेसच्या ज्या प्रती असतात, त्यांच्याच आधारे पुढील दुरुस्ती, अपडेट आणि अनइन्स्टॉल होते. त्या गेल्या की काही महिन्यांनी १६१२ ही त्रुटी समोर येते आणि मूळ सेटअप शोधत फिरावे लागते.

डब्ल्यूएमआयसीची ती ओळ बसवलेल्या सॉफ्टवेअरची माहिती देणाऱ्या विन३२_प्रॉडक्ट या वर्गाला (क्लासला) विचारणा करते. वरवर ती केवळ यादी मागते. प्रत्यक्षात विंडोज इन्स्टॉलर प्रत्येक एमएसआय उत्पादनाची सुसंगती तपासतो आणि गरज वाटल्यास दुरुस्तीही सुरू करतो. अ‍ॅप्लिकेशन लॉग उघडून पाहावा: १०३५ क्रमांकाच्या, म्हणजे उत्पादन पुन्हा कॉन्फिगर केल्याच्या, नोंदींची रांग लागलेली दिसते, तीही ज्यांना आपण हात लावला नाही अशा उत्पादनांची. पॉवरशेलमधून तोच वर्ग विचारला तरी परिणाम हाच. त्याऐवजी रेजिस्ट्रीतील अनइन्स्टॉल नोंदी, ६४-बिट आणि ३२-बिट दोन्ही, वाचून तिथे दिलेली आज्ञा लॉगसह चालवावी. परतीचा कोड ३०१० आला तर काम झाले आहे, पण रिस्टार्ट बाकी आहे. तो होईपर्यंत नवी आवृत्ती बसवू नये.

"डेटाला धक्का लागत नाही" हे विधान सर्वांत महागात पडणारे आहे, कारण ते कधीकधी खरे असते. डेबियन वा उबुंटू या लिनक्सवर डॉकर (कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर) कंपनीचे स्वतःचे डॉकर-सीई पॅकेज पर्ज केले, म्हणजे सेटिंग्जसह काढले, तरी त्याच्या इमेजेस आणि डेटा ठेवणारे व्हॉल्यूम्स डिस्कवर राहतात. ओरॅकलचे डीइन्स्टॉल साधन नेमके उलट वागते: ते डेटाबेसच्या फाइलीही पुसते, त्या ओरॅकल बेसच्या (ओरॅकलच्या मूळ फोल्डरच्या) बाहेर असल्या तरी, आणि हे कंपनीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून ते आधी चेकओन्ली (काहीही न पुसता फक्त तपासणी करणाऱ्या) पर्यायाने चालवावे, आणि त्याने दाखवलेल्या तपशिलात चालू डेटाबेसचे नाव दिसले तर तिथेच थांबून, आरमॅनचा (ओरॅकलच्या बॅकअप साधनाचा) बॅकअप दुसऱ्या यंत्रावर खरोखर रिस्टोर होतो का हे पाहावे.